गिरिराजची पाच आठवड्यांची पिल्लं आणि जुन्या गावरान कोंबड्या एकाच खुराड्यात कशा आणू?

अंगणवाली (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या परसात जांभ्याच्या चिऱ्यांवर बांधलेलं खुराडं आहे, आतून सहा फूट बाय चार फूट. त्यात आठ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. एक कोंबडी तिसऱ्या वर्षात आहे, बाकीच्या दीड-दोन वर्षांच्या. अंडी घरी खाऊन शेजारी विकते.

एप्रिलच्या शेवटी गाडीवर पिल्लं विकणारा आला होता, त्याच्याकडून गिरिराज या सुधारित जातीची एक दिवसाची पंधरा पिल्लं घेतली. पडवीत पत्र्याचं गोल कडं करून बल्बखाली वाढवली आणि पंधराच्या पंधरा जगली. सातव्या दिवशी दवाखान्यातून लासोटा (राणीखेत रोगाची लस) आणून डोळ्यात थेंब घातला. त्यानंतर कुठलीच लस दिलेली नाही. आता ती पाच आठवड्यांची झाली आहेत. पिसं आली, बल्ब लागत नाही, कड्यावरून उड्या मारून थेट ओटीवर येतात. पडवीत वासही यायला लागलाय आणि पाऊस तोंडावर आहे. सासूबाई म्हणतात, आता घाला यांना खुराड्यात, तिथंच शिकतील.

गेल्या रविवारी संध्याकाळी पिल्लं अंगणात सोडली. कोंबडा नुसता बघत उभा राहिला. पण आमची तांबडी (कळपातली पुढारी तीच) धावत आली आणि एकाचं डोकं चोचीत धरून झटकलं. कातडी फाटली, रक्त आलं. हळद आणि खोबरेल लावून त्याला वेगळं ठेवलंय, खातंय पितंय.

आणखी एक गोष्ट. काळी कोंबडी खुडूक होती, तिला अंड्यांवर बसवली होती. तिची सात पिल्लं आता तीन आठवड्यांची आहेत आणि तिच्यामागे बिनधास्त फिरतात. त्यांना कुणी हात लावत नाही.

माझे प्रश्न असे. गिरिराजची पिल्लं मोठ्यांत कधी सोडावीत? सोडताना काय करावं? मोठ्यांना लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) चालू आहे आणि पिल्लांना स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य), मग एकत्र आल्यावर काय घालायचं? आणि काळीच्या पंखाखाली हीही पिल्लं घातली तर ती सांभाळेल का?

रानवारा (रोहा)

ताई, एवढा विचार कशाला? अंधार पडल्यावर पिल्लं उचलून खुराड्यात मोठ्यांच्या शेजारी बसवा. कोंबडीला रात्री दिसत नाही. सकाळी उठल्यावर तिला वाटतं ही इथलीच. आमच्याकडे वडिलांपासून असंच करतात.

भुदरगडची आक्का (गारगोटीजवळ)

अंगणवाली, पोरी, दोन-चार आठवडे कळ काढ. पडवीतून हलव, पण खुराड्यात घालू नकोस.

मी दरवर्षी कोल्हापूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातून पिल्लं आणते. शिवाय घरच्या कोंबड्या बसवते त्या वेगळ्या. त्यामुळे माझ्या खुराड्यात तीन वयाचे पक्षी कायमचेच. सांगते ते त्या अनुभवावरनं.

कोंबडीला समोरच्याचं वय कळत नाही. तिला आकार कळतो, आणि आपली जागा कुठली ते कळतं. दांडीवर कोण कुठं बसणार, भांड्यावर पहिली चोच कुणाची, हे त्यांचं आपसात ठरलेलं असतं. नवं पिल्लू आलं की ते सगळं परत मांडावं लागतं, म्हणून टोचाटोची होते. तांबडी पुढारी आहे, म्हणजे सगळ्यात जास्त घालवण्यासारखं तिच्याकडेच आहे. तिचा राग धरू नकोस, पण तिच्या तावडीत पिल्लूही देऊ नकोस. गिरिराजचं पाच आठवड्यांचं पिल्लू असेल अर्ध्या किलोच्या आसपास. गावरान कोंबडी भरते सव्वा किलोच्या आगेमागे. निम्म्याहून लहान जीव मार खाऊन शिकत नाही, तो कोपऱ्यात दबतो, खायचं सोडतो आणि मरतो.

रानवारा दादांचा रात्रीचा उपाय मी मोडीत काढत नाही. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही हे खरं आहे, आणि रात्री हलवलेला पक्षी शांत बसतो हेही खरं. पण सकाळी तिला नवं-जुनं चांगलं कळतं. पहाटे फटफटलं की खुराडं बंद असतानाच मारामारी सुरू होते, आणि बंद खुराड्यात पळायला वाट नसते. रात्री आत घालणं ही शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्या झाल्या असतील तर ती निभते.

आधीची पायरी म्हणजे जाळी. खुराड्याला लागून, मोठ्यांच्या रोजच्या वावरात, पिल्लांसाठी वेगळा कप्पा कर. वरनं पत्रा, खाली भाताचं तूस, आणि मध्ये अर्ध्या इंचाची लोखंडी वेल्डमेश. मोठ्या भोकाची जाळी नको, पिल्लू डोकं बाहेर काढतं आणि पलीकडची चोच तयारच असते. तुमच्या बाजूला मासेमारीची जुनी जाळी फुकट मिळते. ती घारीसाठी वरनं ताणायला बरी, पण मधल्या आडोशाला लावू नकोस, बोटं अडकून पाय मोडतात. जाळीचा खालचा काठ वीतभर जमिनीत गाड, मुंगूस उकरून येतं.

आता यातली मुख्य गोष्ट. जाळीच्या दोन्ही अंगांना खायची भांडी अगदी समोरासमोर ठेव. मोठ्या अलीकडे खाताहेत, पिल्लं पलीकडे खाताहेत, एकमेकांची तोंडं दिसताहेत. सुरुवातीला तांबडी जाळीवर झडप घालेल, पिसारा फुगवेल. घालू दे. काही दिवसांनी ती मान खाली घालून आपलं खायला लागते, पलीकडे कोण आहे ते बघतही नाही. हे झालं की समजायचं की पुढं जायला हरकत नाही. कॅलेंडर बघून ठरवू नकोस, तांबडीकडं बघून ठरव. तरी अंदाज म्हणून सांगते, दोन आठवड्यांपेक्षा कमी जाळी मी कधी ठेवत नाही, आणि आठ-नऊ आठवड्यांच्या आतलं पिल्लू मोठ्यांत सोडत नाही.

मग अंगण. दिवस मावळायच्या तासभर आधी सोड, सगळ्यांची पोटं भरलेली असताना. त्या वेळी मोठ्यांचं लक्ष घरी जाण्याकडं असतं, आणि वाद वाढायच्या आत अंधारच पडतो. पहिल्यांदा मोठ्यांना बाहेर काढ आणि पिल्लांना त्यांच्या मागनं बाहेर येऊ दे, उचलून मध्ये टाकू नकोस. अंगणात आडोसे हवेत. भिंतीला तिरपी टेकवलेली फळी, दोन विटांवर उलटी ठेवलेली पाटी, लाकडाचा ढीग. पण आडोसा दोन्हीकडनं उघडा पाहिजे. एकाच बाजूनं उघडा असला तर तिथंच पिल्लू कोंडून मार खातं. शेवग्याचा किंवा कोबीचा पाला दोरीनं कोंबडीच्या मानेएवढ्या उंचीवर टांगून ठेव, मोठ्यांची चोच त्यात गुंतते.

खायची आणि पाण्याची भांडी किमान दोन-तीन ठिकाणी ठेव, आणि एका भांड्यावरनं दुसरं दिसणार नाही अशी. तांबडी एका वेळी एकच भांडं राखू शकते.

एक सवय लावून घे. रात्री बसल्यावर प्रत्येक पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपायची. भरलेली, घट्ट लागली तर त्याला खायला मिळालंय. रिकामी लोंबत असेल तर दिवसभर त्याला कुणी भांड्यापाशी येऊ दिलेलं नाही, मग अंगावर एक जखम नसली तरी. डोळ्यांनी बघून हे कळत नाही, पिल्लू भांड्याजवळ उभं दिसतं आणि उपाशी असतं.

टोचणं, पाठलाग, एखादं पीस उपटणं, हे होणारच. तिथं मध्ये पडू नकोस. मध्ये पडलं की भांडण उद्यावर जातं एवढंच. रक्त दिसलं, किंवा एकालाच सगळ्या मिळून कोपऱ्यात घेताहेत असं दिसलं, तर मात्र ताबडतोब उचल. लाल रंगावर बाकीच्याही तुटून पडतात. जखमेवर निळं औषध लाव, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट. जखम सुकते आणि लाल रंगही झाकला जातो. हळदीनं जखम बरी होईल, पण रंग झाकत नाही. आणि पावसाळ्यात माशी बसू देऊ नकोस, अळ्या पडतात.

काळीचं सांगते. तिच्यात ही पिल्लं घालू नकोस. अंडी नुकतीच फुटलेली असताना, अंधारात, एक-दोन दिवसांची परकी पिल्लं पंखाखाली सरकवली तर कोंबडी बहुतेक वेळा घेते. पाच आठवड्यांचं पिल्लू तिला परकंच दिसणार, आणि आपल्या पिल्लांजवळ आलं म्हणून तीच त्याला फोडून काढेल. तिची सात पिल्लं तिच्याचकडं राहू दे. आई सोबत असली की मोठ्या कोंबड्या त्यांच्या वाटेला जात नाहीत. पुढं ती पिल्लांना तोडेल, म्हणजे स्वतःपासून दूर करेल, तोपर्यंत ती कळपात मुरलेली असतात. आईनं वाढवलेल्या पिल्लांसाठी हे जाळीचं काही करावं लागत नाही.

निवृत्त पशुवैद्य (सातारा)

आक्कांनी वागणुकीची बाजू उत्तम सांगितली आहे. चोचीच्या क्रमाचा, म्हणजे कळपात कोण कुणाला टोचणार या उतरंडीचा, हा अभ्यास पहिल्यांदा शास्त्रीय रीतीने मांडला तो नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे यांनी, 1920च्या दशकाच्या सुरुवातीला. तेही लहानपणापासून घरच्या कोंबड्या बघत आले होते.

मी आजाराचं बोलतो, कारण वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकत्र आणताना चोचीपेक्षा जास्त पिल्लं आजाराने जातात. मोठे पोल्ट्रीवाले एका शेडमध्ये एकाच वयाची बॅच ठेवतात, ती सगळी गेल्यावर शेड धुऊन रिकामी ठेवतात आणि मगच पुढची आणतात, ते याचसाठी. परसात ते शक्य नाही, म्हणून काळजी दुप्पट.

पहिली काळजी रक्ती हगवणीची, म्हणजे कॉक्सिडिओसिसची. तुमच्या मोठ्या कोंबड्यांना तो होऊन गेलेला असतो, त्यांच्यात प्रतिकारशक्ती आलेली असते, पण विष्ठेतून त्याची बीजं पडत राहतात. तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं त्याला सर्वांत जास्त बळी पडतात. ही बीजं ओलावा आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगी होतात. कोकणातला जून आणि ओलं तूस, याहून पोषक जागा नाही. म्हणून मोठ्यांच्या खुराड्यातलं जुनं तूस आत्ताच काढून टाका, तळाला चुना मारा, वाळू द्या आणि कोरडं तूस घाला. पाण्याचं भांडं पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवा, म्हणजे सांडत नाही आणि त्यात घाण पडत नाही. भिजलेलं तूस त्याच दिवशी उचला.

पिल्लं पिसं फुगवून घोळक्यात बसली, खाणं कमी झालं, विष्ठेत तांबूस किंवा रक्त दिसलं, तर वाट बघू नका, दवाखान्यात विष्ठेचा नमुना न्या. बहुधा अँप्रोलियम पाण्यातून देतात. मात्रा डॉक्टर सांगतील तीच. ते चालू असताना ताकदीसाठी म्हणून बी कॉम्प्लेक्सचं टॉनिक पाण्यात घालू नका. अँप्रोलियम जंतूला बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही म्हणूनच काम करतं. आपण तेच जीवनसत्त्व वरून दिलं तर औषधाचा परिणाम मारला जातो. खेड्यात हे सर्रास होतं, कारण दोन्ही बाटल्या एकाच दुकानातून येतात.

दुसरी काळजी राणीखेतची, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. सातव्या दिवशीचा लासोटा पुरेसा नाही. चौथ्या आठवड्यात दुसरा डोस व्हायला हवा होता, तो आता लगेच द्या. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर आरटूबी ही लस टोचून घ्या. ती तीव्र लस आहे, त्याआधी लहान पिल्लांना देऊ नये. देवीची लसही सहा-सात आठवड्यांच्या सुमारास दवाखान्यात विचारून घ्या. आरटूबीनंतर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे दहावा आठवडा आला. आक्का म्हणतात त्या हिशोबाशी हे जुळतं, आणि माझं मतही तेच आहे: दहा आठवड्यांआधी जाळी उघडू नका. तुमच्या मोठ्या कोंबड्यांना लस झाली नसेल तर त्यांचंही त्याच वेळी उरका.

लसीची बाटली साधारण शंभर डोसांची येते आणि विरघळवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते, तीही बर्फावर ठेवून. तुमचे तीस-एकतीस पक्षी. शेजारच्या चार घरांना आधी सांगा, सगळ्यांनी आदल्या रात्री कोंबड्या डालून ठेवायच्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत लस उरकायची. शेजारच्या कोंबड्या सुरक्षित तर तुमच्याही.

खाद्याचं. लेयर मॅशमध्ये साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. वाढत्या पक्ष्याला एक टक्का पुरतो. जास्तीचं कॅल्शियम पिल्लाच्या मूत्रपिंडावर पडतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. उलट मोठ्यांनी काही आठवडे ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) खाल्लं तर काही बिघडत नाही, फक्त कवचासाठी वेगळं कॅल्शियम हवं. म्हणून एकत्र आल्यावर सगळ्यांनाच ग्रोअर द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडी देणारी कोंबडी गरजेपुरता बरोबर टिपते, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि पिल्लं फारसं तोंड लावत नाहीत. नव्या तलंगा अंड्यावर आल्या की परत लेयर मॅश सुरू करा.

आणखी एक: स्टार्टरच्या पोत्यावर कॉक्सिडिओसिसचं औषध मिसळल्याचं लिहिलंय का ते वाचा. तसं खाद्य अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तोंडी लागू देऊ नका.

शिवारफेरी (निफाड)

थोडं वेगळं मत मांडतो. एकत्र आणायलाच हवं का? मी गावरान आणि गिरिराज वेगळेच ठेवतो. गिरिराजचा पक्षी दुप्पट खातो आणि दुप्पट वाढतो. आज तुमची तांबडी पिल्लांना मारते आहे, पण चार महिन्यांनी गिरिराजचे नर तीन किलोच्या पुढे जातील आणि गावरान कोंबड्यांवर चढून त्यांच्या पाठी सोलतील. तो त्रास मला आजच्या त्रासापेक्षा मोठा वाटतो. जागा असेल तर दुसरं खुराडं बांधा.

अंगणवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आक्का, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पिशवी चाचपायचं त्यांची आई करायची.

नवऱ्याने खुराड्याच्या बाजूला, लाकडाच्या मांगराच्या (लाकडं ठेवायच्या खोपीच्या) भिंतीला लागून कप्पा करायला घेतलाय. वेल्डमेश चिपळूणहून आणली. दुसरा लासोटा परवा झाला, शेजारची तीन घरंही आली.

शिवारफेरी दादा, दुसरं खुराडं बांधायला आत्ता पैसे नाहीत, आणि पावसात बांधकामही होणार नाही. त्यामुळे रात्री सगळे एकाच ठिकाणी हवेत. आक्का, सहा बाय चारच्या खुराड्यात एवढे मावतील का? आत सध्या एकच दांडी आहे. आणि डॉक्टर, शिंपल्यांचा चुरा विकत आणायचा की तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) कवचं चालतील? आमच्याकडे ती उकिरड्यावर ढिगाने असतात. मोठ्यांनाही ते हगवणीचं औषध द्यायची वेळ आली तर अंड्यांचं काय करायचं?

निवृत्त पशुवैद्य

तिसऱ्यांची कवचं उत्तम. धुवा, तव्यावर भाजा म्हणजे ठिसूळ होतात, मग कुटा. पीठ करू नका, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे राहू द्या. मोठा तुकडा पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्री कवच तयार होत असताना उपयोगी पडतो.

अंड्यांचं: अँप्रोलियमच्या वेष्टनावरची सूचना पाळा. सल्फा गटातलं औषध दिलं गेलं तर अंडी खाऊ नका आणि विकू नका, आणि किती दिवस थांबायचं ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडूनच विचारून घ्या. म्हणून तर आजार पिल्लांपुरताच असताना आटोक्यात ठेवायचा, मोठ्यांच्या पाण्यात उगीच औषध ओतायचं नाही.

भुदरगडची आक्का

सहा चोक चोवीस चौरस फूट. नऊ मोठे आणि पंधरा नवे म्हणजे चोवीस पक्षी. पक्ष्याला एक फूट पडला, तोही काळीची सात न धरता. हे चालणार नाही, निदान दोन फूट तरी हवेत. दिवसभर बाहेर असतात म्हणून थोडं कमी धकतं, पण कोकणात पावसाचे आठ-आठ दिवस कोंबड्या बाहेर पाऊल टाकत नाहीत, हे तुला मी काय सांगायचं. दाटी झाली की टोचणं वाढतं, तूस ओलं राहतं आणि डॉक्टरांनी सांगितलेला आजार येतो.

पण पंधरातले सगळे राहणार नाहीत. निवड न करता घेतलेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात. आठव्या-नवव्या आठवड्यात तुरा लाल आणि मोठा व्हायला लागला, पाय जाड झाले की ओळखू येतील. ते मोठ्यांत सोडायचेच नाहीत. जाळीआड ठेवून खाऊ घाल आणि गटारीला वीक. श्रावण लागायच्या आधीच्या त्या आठवड्यात कोंबड्याला जो भाव मिळतो तो नंतर कुठला. तुझी पिल्लं तोवर अकरा-बारा आठवड्यांची होतील, म्हणजे नेमकी वेळेत. शिवारफेरी दादांनी सांगितलेला पुढचा त्रासही त्यातच मिटतो. ते बोलले ते अगदी खरं आहे, गिरिराजचा नर गावरान कोंबडीच्या अंगाला झेपत नाही. कळपाला तुझा जुना कोंबडा पुरे.

म्हणजे खुराड्यात येणार सात-आठ तलंगा. नऊ आणि आठ, सतरा. अजूनही दाटीच आहे, पण मांगराच्या बाजूचा तो कप्पा कायमचा ठेवून खुराड्याला जोडलास तर भागेल.

दांड्या तीन कर, प्रत्येकी सहा फुटांच्या, एकमेकींपासून फूटभर अंतरावर. आणि सगळ्या एकाच उंचीवर. एक उंच नि एक खाली केलीस तर रोज संध्याकाळी वरच्या दांडीसाठी मारामारी ठरलेली. पक्ष्याला आठ ते दहा इंच दांडी लागते, हिशोब बसतो. दांडी गोल वाशाची नको, दोन इंच रुंद सपाट घे, कडा तासून.

कप्प्यातून खुराड्यात यायला एक बुटकी वाट ठेव. पिल्लू शिरेल आणि मोठी कोंबडी शिरणार नाही एवढी. गावरान कोंबडी अंगानं चपळ असते, म्हणून फळी ठोकायच्या आधी तुझ्या सगळ्यात बारीक कोंबडीला तिथनं घालून बघ. ही वाट असली की पिल्लं मोठ्यांत जातात, मार पडायला लागला की पळून आपल्या घरात येतात. त्यांचं ते त्यांनी ठरवायचं.

आणि तांबडी. जाळीनंतरही ती एकालाच धरून मारत राहिली तर तिला उचलून डालग्याखाली (कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली) ठेव, घराच्या पलीकडच्या अंगाला, कळप दिसणार नाही अशा जागी. पाणी, खाणं सगळं दे. चार-पाच दिवसांनी परत सोडलीस की आता तीच नवी असते. तिची जागा तोवर दुसरीनं घेतलेली असते आणि तिला आपलंच भांडण निस्तरायचं असतं, पिल्लांकडं बघायला सवड नसते.

रानवारा

आक्का, पहाटे खुराडं बंद असताना होतं ते, हे बरोबर आहे. आमच्याकडे आई अंधारातच उठून दार उघडायची, म्हणून कधी अडलं नसावं. ताई, रात्री हलवाल तेव्हा सकाळी लवकर उठा.

अंगणवाली

बरेच दिवसांनी लिहितेय. आरटूबी होऊन दोन आठवडे उलटल्यावर बुटकी वाट उघडली. सात नर निघाले, ते कप्प्याच्या निम्म्या भागात वेगळे केलेत. तुरे बघूनच कळलं, आक्का म्हणतात तसं. गटारीसाठी चार घरांनी आधीच सांगून ठेवलंय.

तलंगा आठ. पहिल्या दिवशी सगळ्या आत जाऊन पाठलाग झाला आणि सगळ्या परत आल्या. तांबडीने जाळीवर झडप घालायचं आधीच सोडलं होतं, पण आत आलेल्या तलंगांना ती भांड्यापाशी उभं राहू देईना. मग तिसरं भांडं दाराच्या मागे ठेवलं. ते तिला दिसत नाही, आणि तिथे सगळ्या जेवतात. मारणारी खरी निघाली ती कैरी, दोन नंबरची. तिने एका तलंगेच्या शेपटीची पिसं काढली आणि तिच्या मागेच लागली. रक्त यायच्या आधीच कैरीला डालग्याखाली ठेवलं, मागच्या पडवीत. परत सोडल्यापासून ती गप्प आहे, तांबडीच तिला हाकलते.

पिशव्या रोज चाचपते. एक बारीक तलंग सोडली तर सगळ्यांच्या भरलेल्या असतात. त्या एकीला संध्याकाळी वेगळं भरवते.

मधे पावसाची झड लागली तेव्हा दोन पिल्लं फुगून बसली. नमुना नेला, कॉक्सिडिओसिसच निघाला. फक्त कप्प्यातल्या पाण्यात औषध दिलं, टॉनिक बाजूला ठेवलं. दोन्ही उठली. तूस पूर्ण बदललं.

काळीने तिच्या पिल्लांना आता तोडलंय. ती सात आधीपासूनच मधल्या दांडीवर बसतात.

एकच विचारायचं राहिलं. आठपैकी पाच तलंगा रात्री आपणहून खुराड्यात बसतात, तीन अजून बुटक्या वाटेने परत कप्प्यात जाऊन बसतात. त्यांना उचलून दांडीवर ठेवू का? आणि त्या वाढताहेत, वाटेत आता अंग घासतंय.

भुदरगडची आक्का

आता ठेव. हीच ती रात्रीची वेळ, रानवारा दादांची. पूर्ण अंधार पडल्यावर तिघींना एकदम उचल, एकेकीला नको. पाचजणी बसतात त्यांच्याच शेजारी ठेव, तांबडीच्या दांडीवर नको. सलग तीन-चार रात्री करावं लागेल आणि रोज फटफटायच्या आधी दार उघडावं लागेल.

वाट रुंद करायची घाई नको. तिघी दांडीवर टिकल्या की फळीच काढून टाक. जाळी मात्र तशीच राहू दे, ती बारीक तलंग भरायला लागेपर्यंत तिला दिवसा कप्प्यात खायला मिळालं पाहिजे. तिचं वजन कर, पिसांत उवा आहेत का बघ, पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी. असल्या तर चुलीच्या कोरड्या राखेचा खड्डा करून दे, सगळ्यांनाच.